आठ अँटेना आणि एक गुरुवार

वर बघा. अजून वर. पाण्याच्या टाकीच्या डाव्या अंगाला एक तिरका पाइप दिसतोय ना, त्याच्या डोक्यावर बसलाय तो मी, अँटेना. नवीन पनवेलातल्या या इमारतीवर पहिला मी लागलो आणि आज उरलोय तोही मीच. मधल्या काळात काय घडलं ते सांगतो. थोडं वाढवून सांगेन, पण खोटं सांगणार नाही.

माझा जन्म एका पत्र्याच्या शेडमधला. अ‍ॅल्युमिनियमच्या नळ्या कापल्या, आडव्या ठोकल्या, झालो तयार. माझ्याबरोबरचे सगळे हुबेहूब माझ्यासारखे दिसायचे, त्यामुळे लहानपणी मला गर्व म्हणून नव्हता. तो नंतर आला, उंचीवर गेल्यावर.

अठ्ठ्याऐंशी साली जगनने मला जुन्या पनवेलच्या बाजारातून आणलं. जगन उरणकडच्या मिठागरवाल्यांचा मुलगा, तळोज्याच्या कारखान्यात वायरमन. बसमध्ये त्याने मला असं कवटाळून धरलं होतं की कंडक्टर म्हणाला, "अर्धं तिकीट घे बाबा याचं." घरी त्याची आई गंगाबाई, आणि आता मी.

माझी नजर पहिल्यापासून मुंबईकडे. पण एकदा वैशाखातल्या उकाड्यात मी समुद्रापलीकडचं कराची पकडलं होतं. गंगाबाईंनी तासभर उर्दू बातम्या ऐकल्या आणि म्हणाल्या, "बाई चांगली बोलतं, समजत कायपन नाय." विश्वास ठेवायचा की नाही, ते तुम्ही ठरवा.

माझं पाहून इमारतीतल्या बाकीच्या सात बिऱ्हाडांनीही अँटेना घेतले. त्याच दुकानातून, त्याच मापाचे, आणि बसवले सगळे जगननेच. तेव्हाची रीत तुम्हाला आठवत असेल. एकजण गच्चीवर पाइप फिरवणार, एकजण बाल्कनीत, एकजण टीव्हीसमोर.

"आलं का?"

"नाही, मुंग्याच आहेत."

"आता?"

"आलं होतं. गेलं."

दुसऱ्या मजल्यावर कमळाकरराव राहायचे, टपाल खात्यातले. त्यांची मुलगी कुमुद शाळेत गणित शिकवायची. त्यांचा अँटेना भारी नाजूक, दर आठ दिवसांनी दिशा सोडायचा. मग जगन पक्कड घेऊन वर यायचा आणि कुमुद वायर धरायला. दहा मिनिटांच्या कामाला या दोघांना पाऊण तास लागायचा. बोलणं काय, तर,

"मुंबईची दिशा तीच का अजून?"

"तीच."

"बदलत नाही ना?"

"मुंबई? नाही."

एवढ्यावर दोघं खूश होऊन खाली जायची. वर्षभर हेच. मी पाइपावर वाकून वाट पाहायचो की आता कुणीतरी मुंबई सोडून दुसरं काही बोलेल.

आता इथे भरत आणि रमा येतात. भरत जगनचा मित्र, समोरच्याच दारातला. रमा तळमजल्यावरची, कुमुदची मैत्रीण. दर गुरुवारी संध्याकाळी टीव्हीवर एक विनोदी मालिका लागायची. त्यात पाच मित्रमैत्रिणी, आणि त्यांना एकमेकांची लग्नं जुळवण्यापलीकडे उद्योग नाही. दर भागात एक बेत फसायचा आणि पंचवीस मिनिटांत सगळं जागेवर यायचं. हे सगळं आम्हा अँटेनांच्याच वायरींतून खाली उतरायचं, म्हणून पुढच्या घटनेत थोडा दोष माझाही आहे.

भरत आणि रमा ती मालिका अभ्यास केल्यासारखी बघायची. एकदा भरतने जगन आणि कुमुदला जत्रेला नेलं, आकाशपाळण्याच्या एकाच पाळण्यात बसवलं आणि काळजीपोटी मध्ये स्वतः बसला.

हे चाललं असतं. पण मे महिन्यात बातमी आली की येत्या रविवारी नाशिकचा एक मुलगा कुमुदला बघायला येतोय. बँकेतला. कमळाकररावांना स्थळ पसंत होतं. कुमुदला कुणी विचारलं नाही, आणि जगन तर जेवेनासा झाला.

"ऊन लागलं का रं तुला?" गंगाबाईंनी विचारलं.

"हां," जगन म्हणाला.

गुरुवारी भरतने रमाला जिन्यात गाठलं. "मागच्या भागात त्यांनी दोघांना लिफ्टमध्ये कोंडलं होतं."

"आपल्याकडे लिफ्ट कुठंय?"

"म्हणून तर डोकं लावलं. मालिका सुरू व्हायच्या आधी जग्याचा आणि कुमीचा अँटेना फिरवून ठेवतो. दोघं धावत वर येतील. बाकी कुणाला तू वर सोडू नकोस."

"काय सांगू लोकांना?"

"सांग, गच्चीत माकड आलंय."

भरत वर आला. टाकीजवळचा मी त्याला ओळखीचा होतो, मला त्याने गर्रकन खोपोलीकडे वळवलं. मग कुमुदचा शोधायला लागला. सात अँटेना, सात जुळे भाऊ, सगळ्यांच्या चपट्या वायरी कठड्याशी गुंतलेल्या. त्याने घड्याळ पाहिलं, घाम पुसला, आणि सरसकट सगळेच फिरवले.

मालिकेची वेळ झाली, टीव्ही लागले आणि आठही घरांत मुंग्या आल्या. आठ दारं उघडली. रमा जिन्यात हात पसरून उभी राहिली, "वर जाऊ नका, माकड आलंय." जी दोन-चार घरं आली नसती, तीही आता काठ्या घेऊन आली.

पाच मिनिटांत गच्चीत उभं राहायला जागा नव्हती. खालून सगळीकडून "आलं, गेलं" चाललेलं. आणि टाकीमागे कमळाकररावांना माकडाऐवजी भरत सापडला.

"हे तुझं काम?"

भरत मालिकेतला असता तर त्याने काहीतरी थाप मारली असती. हा पनवेलचा. खरं बोलून गेला. "काका, जगन आणि कुमुदला एकदा बोलता यावं म्हणून केलं. रविवारच्या आत."

कमळाकरराव जगनकडे वळले. "काय रे? तू सांगितलंस याला?"

जगनच्या हातात माझा पाइप होता. "नाही काका," तो म्हणाला. "माझं काही नाही."

मी वादळं पाहिलीत, वीज शेजारच्या नारळावर पडताना पाहिलीये. पण कुमुदचा तेव्हाचा चेहरा मला बघवला नाही. भरत आणि रमाने वर्षभर जुळवलेलं, आणि त्या दोघांनी त्याहून आधीपासून जपलेलं, सगळं त्या एका वाक्यात संपत होतं.

कुमुदने वायर खाली ठेवली. "त्यांचं काही नसेल," ती म्हणाली, "माझं आहे. बाबा, आपला अँटेना वाऱ्याने फिरत नव्हता. दर आठवड्याला मी फिरवायचे."

रमाने तोंडावर हात ठेवला. मैत्रिणीला हे ठाऊक नव्हतं. मला होतं, पण मला कोण विचारतो.

"आणि तुम्ही दोघं," ती भरत-रमाकडे वळली, "तुम्हाला एवढा कळवळा होता तर मला एकदा विचारायचंत. टीव्हीला काय विचारता?"

जगनने माझा पाइप सोडला. "काका, मी खोटं बोललो," तो म्हणाला. "भ्यालो होतो. तुमचा अँटेना कसा फिरतो ते मला पहिल्या महिन्यातच कळलं होतं. नट मी मुद्दाम सैल ठेवायचो." मग कुमुदकडे पाहून म्हणाला, "रविवारी आईला घेऊन येऊ का? तुमची हरकत नसेल तर."

"मला नाही," कुमुद म्हणाली. "बाबांना विचारा."

कमळाकरराव कठड्याला टेकले. आमची जात वेगळी, ते मासे खातात, लोक काय म्हणतील, हे सगळं त्यांच्या कपाळावर येऊन गेलेलं मी वरून वाचलं. शेवटी ते म्हणाले, "नाशिकला उद्या तार करावी लागेल. तारेत शब्द कमी असावेत. 'येऊ नये' एवढं पुरे."

तेवढ्यात गंगाबाई धापा टाकत वर आल्या. "आमच्या टीवीत मुंग्या आल्यात. कोन बगतंय का नाय?"

त्या गुरुवारचा भाग इमारतीत कुणीच पाहिला नाही. पुढे मालिका संपली, केबल आली, माझे सातही भाऊ भंगारात गेले. भरत आणि रमाचंही एकमेकांशीच जमलं, पण त्यांच्यात लुडबूड करायला कुणी नव्हतं, म्हणून चार वर्षं जास्त लागली. तेव्हा मित्रांच्या मध्ये पडू नका, असं मी म्हणणार नाही. पडा. फक्त पडण्याआधी ज्याचं आहे त्याला विचारा, आणि त्यांना बोलायचं असेल तेव्हा गच्ची रिकामी करून द्या.

मला आता मुंबई दिसते, पण पकडता येत नाही. माझ्या दांड्यांवर गंगाबाई बोंबील वाळत घालतात, दोन-दोन, जबड्यात जबडा अडकवून. कावळे टपलेले असतात. म्हणून दुपारी खाली खुर्ची टाकून, हातात काठी घेऊन कुणीतरी राखणीला बसतं. नाकाला रुमाल बांधलेला असतो, पण उठत नाहीत. आमचे व्याही, कमळाकरराव.