सातवं मचाण

"तुमच्या एका मचाणावरून दुसरं मचाण दिसतं काय?"

फोनच्या पलीकडचा माणूस मोठ्याने हसला. "दिसू नये म्हणूनच तर लोक आमच्याकडे येतात, साहेब! प्रत्येकाला स्वतंत्र रान. दिवसभर दुसऱ्या माणसाचं तोंड दृष्टीस पडणार नाही, याची आमची हमी."

ईश्वरराव मेश्रामांनी त्याचे सभ्यपणे आभार मानले आणि फोन खाली ठेवला. समोरच्या जेवणाच्या टेबलावर रंगीत माहितीपत्रकं पसरली होती. त्यांतील एक उचलून त्यांनी ते पालथं केलं. टेबलाच्या ज्या बाजूला त्यांच्या पत्नी रत्नाबाई बसत, ती बाजू दोन वर्षं रिकामी होती. आता तिथे शिंगं उगारलेल्या हरणांचीच चित्रं मांडलेली होती.

मिशिगनमध्ये नोव्हेंबरच्या पंधरा तारखेला हरणांच्या शिकारीचा हंगाम उघडतो. ट्रॉयच्या ज्या कारखान्यात ईश्वरराव मोटारीच्या सुट्या भागांची मापं तपासत, तिथे त्या दिवशी निम्मी यंत्रं बंद असत. एवढी वर्षं ईश्वररावांचा त्या दिवसाशी संबंध आला तो इतकाच, की उपाहारगृहात त्यांना एकट्याने डबा खावा लागे. पण ऑगस्टमध्ये रवीचा फोन आला. रवी त्यांचा एकुलता एक मुलगा. जन्म इथलाच, आणि नोकरी मिनेसोटात, ईडन प्रेरीला, एका कॉम्प्युटर कंपनीत. आईच्या अंत्यविधीनंतर तो दोनदाच घरी आला होता. फोनवर तिकडची थंडी, इकडची थंडी आणि गाडीचं तेल बदललं की नाही, एवढ्यावर बापलेकांचं संभाषण आटोपत असे.

त्या दिवशी मात्र रवी म्हणाला होता, "बाबा, डेव्हच्या अंकलने ती लँड विकली यार. आय मीन, आम्ही दर वर्षी हंटिंगला जातो ना, ती. तुमच्या शॉपमध्ये सगळे हंटर्स आहेत. एखादा चांगला आउटफिटर शोधाल? मी, डेव्ह आणि केविन."

"आउटफिटर म्हणजे रे काय?"

"ज्याच्याकडे लँड असते, मचाणं असतात, राहायला केबिन. तोच जेवण देतो, तोच ड्रॉप करतो." मग थोडं थांबून तो म्हणाला होता, "तुम्ही पण या ना बाबा. यू नेव्हर गो एनीव्हेअर."

हे शेवटचं वाक्य रवी कदाचित सहज बोलून गेला असेल. ईश्वररावांनी ते सहज घेतलं नाही. मुलाने आपल्याला बोलावलं आहे, आणि जागा निवडण्याचं कामही आपल्यावर सोपवलं आहे, या विचाराने त्यांचं अंतःकरण भरून आलं. तीन दिवस मुलाच्या सहवासात घालवायला मिळतील, असं त्यांनी गृहीत धरलं. शिकारीची सहल म्हणजे चौघं मिळून रानात हिंडणार, गप्पा मारणार, दुपारी झाडाखाली डबा सोडणार, असं चित्र त्यांच्या मनात तयार झालं होतं.

ते चित्र कारखान्यातल्या हार्लनने पुसलं. "हिंडायचं कुठलं?" तो म्हणाला. "पहाटे अंधारात प्रत्येकाला आपापल्या मचाणावर सोडतात. संध्याकाळी उचलतात. मध्ये हलायचं नाही, बोलायचं नाही. खोकला आला तर गिळायचा."

"मग चौघांनी मिळून कशाला जायचं?"

हार्लनने डोकं खाजवलं. या प्रश्नाचा त्याने आयुष्यात कधी विचार केला नसावा. "परतीच्या गाडीत सांगायला कुणीतरी लागतं ना," तो म्हणाला.

त्यानंतर ईश्वररावांनी मोठी हरणं कुठे आहेत, हे विचारायचं सोडून दिलं. प्रत्येक आउटफिटरला ते तो एकच प्रश्न विचारू लागले. बोलायचं नाही, ठीक आहे. जवळ बसायचं नाही, तेही ठीक. पण दुरून का होईना, मुलगा दिसावा.

रविवारी रमाबाई वासनिक डब्यात मटण घेऊन आल्या. त्या रत्नाबाईंच्या माहेरकडच्या, नात्याने मावसबहीण. टेबलाकडे पाहून त्यांनी डबा तसाच हातात धरून ठेवला.

"जयभीम, भाऊ. आणि हे काय जी? शिकारीला जाता म्हणे?"

"जयभीम. बसा. रवीसाठी जागा पाहतो आहे."

"रोज सकाळी पंचशील म्हणणारा माणूस आता हरणं मारणार? आमची रत्ना वरून पाहत असेल बरं."

"मी बंदूकसुद्धा हातात धरणार नाही. नुसता बसणार आहे."

"नुसतं बसायला एवढ्या लांब? बसायला तुमच्या घरात सोफा नाही?" रमाबाईंनी डबा टेबलावर ठेवला, हरणांच्या चित्रांवरच. मग त्यांचा आवाज खाली आला. "त्याने स्वतः बोलावलं?"

"स्वतः."

"मग जा, भाऊ. एक नाही, दोन स्वेटर घाला. आणि चहा न्या. ते लोक काळं पाणी पितात."

सप्टेंबरच्या अखेरीस मिशिगनच्या उत्तर भागातला, अप्पर पेनिन्सुलामधला एक म्हातारा फोनवर सापडला. त्याचं नाव आर्नी. त्याच्याकडे रंगीत माहितीपत्रक नव्हतं. ईश्वररावांचा प्रश्न ऐकून तो हसला नाही.

"सहावं आणि सातवं," तो म्हणाला. "मध्ये दलदल आहे, पाव मैलाची. पानं गळाली की एकमेकांना दिसतात. तो त्या जागेचा दोष आहे, मी लपवत नाही. म्हणून सहाव्यावर मी बंदूकवाल्याला बसवत नाही."

"मी बंदूक आणणार नाही."

"मग काय आणणार?"

"चहा," ईश्वरराव म्हणाले. "सहावं मला द्या, आणि सातवं माझ्या मुलाला."

रवीला हे ठिकाण फारसं रुचलं नाही. "बाबा, मी याचं नाव पण ऐकलं नाही. डेव्ह म्हणतो विस्कॉन्सिनला तो दुसरा आहे ना, तिकडे मोठ्या शिंगांचे ह्यूज बक्स मिळतात. याच्याकडे काय स्पेशल आहे?"

ईश्वररावांच्या ओठांवर खरं उत्तर आलं होतं. "जेवण चांगलं आहे," ते म्हणाले. "केबिनमध्ये स्टोव्ह आहे. आणि माणूस खोटं बोलत नाही."

"ओके. तुम्ही पिक केलं, तर तिकडेच जाऊ."

त्या 'ओके'वर ईश्वरराव दीड महिना जगले.

चौदा तारखेला ते एकटे गाडी घेऊन उत्तरेला निघाले आणि मॅकिनॉचा लांबलचक पूल ओलांडून सायंकाळी आर्नीच्या केबिनवर पोहोचले. मुलं मिनेसोटाहून त्यांच्या आधीच आली होती. रवीने दाढी वाढवली होती. त्याने वडिलांना मिठी मारली, त्यांची बॅग उचलली आणि ओळख करून दिली. डेव्ह आडदांड, बडबड्या. केविन उंच, किडकिडीत, बोलताना जमिनीकडे पाहणारा. जेवणं झाल्यावर तिघांनी पत्ते मांडले आणि त्यांच्या कॉलेजच्या आठवणी निघाल्या. कुणीतरी कुणाची गाडी तळ्यात घातली होती. ते सारे हसत, तेव्हा ईश्वररावही हसत. परंतु त्यांचं हसू प्रत्येक वेळी किंचित मागाहून येत होतं, आणि हे त्यांच्या स्वतःच्याच लक्षात आल्यावर ते झोपायला उठले.

"गुड नाइट, बाबा. उद्या लवकर हां," रवी पत्त्यांवरून नजर न काढता म्हणाला. त्यात अनादर नव्हता. त्याच्या हातात चांगली पानं आली असावीत.

पहाटे आर्नीने सर्वांत आधी ईश्वररावांना सोडलं. अंगावर नवं नारिंगी जाकीट, घड्यांच्या रेषा अजून मोडायच्या होत्या. बंदूक असो वा नसो, हा रंग अंगावर हवाच. दुसऱ्या शिकाऱ्याने माणसाला हरीण समजू नये म्हणून. शिडी चढून ते लाकडी फळीवर बसले. थर्मास उजवीकडे ठेवला. पिशवीत दोन कप होते. खरं म्हणजे एकच पुरेसा होता. दुसरा त्यांनी का घेतला, हे त्यांना नीटसं सांगता आलं नसतं.

हळूहळू उजाडलं. गोठलेल्या दलदलीवर पातळ बर्फ पसरलं होतं आणि त्यातून वाळक्या गवताची टोकं वर आली होती. पलीकडच्या काठावर, काळ्या झाडांच्या मध्ये, एक नारिंगी ठिपका होता.

ईश्वररावांनी फळीवर पुढे सरकून पाहिलं.

म्हातारा खोटं बोलला नव्हता. चेहरा दिसत नव्हता, हातपायही वेगळे ओळखू येत नव्हते. पण ठिपका होता, आणि तो जिवंत होता. मधूनच किंचित हले, कधी वाकल्यासारखा होई. आता त्याने पाणी प्यायलं असेल. आता त्याची मान अवघडली असेल. लहानपणी अभ्यासाला बसल्यावर तो असाच मान वाकडी करून बसे, आणि रत्नाबाई मागून जाऊन ती सरळ करीत.

बोलायला मनाई होती. म्हणून ते मनातल्या मनात बोलू लागले. तुझ्या आईच्या साड्या मी अजून कुणाला दिल्या नाहीत, रवी. कपाट उघडत नाही, एवढंच. रमामावशी विचारते, मी विषय बदलतो. शेवटच्या आठवड्यात ती तुझं नाव घेत होती. तू विमानात होतास, तेव्हा. हे मी तुला फोनवर सांगू शकलो नाही. तू गाडीच्या तेलाचं विचारलंस, आणि मी गाडीच्या तेलाचं सांगितलं.

सूर्य झाडांच्या वर आला तेव्हा एक हरिणी दलदलीच्या मधोमध आली. पाय उचलून, थांबून, पुन्हा पाय उचलून. ती ईश्वररावांच्या आणि त्या ठिपक्याच्या बरोबर मध्ये उभी राहिली. ठिपका स्थिर होता. बार झाला नाही. ती सावकाश निघून गेली. शाब्बास, ईश्वरराव मनात म्हणाले. हरिणी आपल्या बाजूला असल्यामुळे पोराने बंदूक उचलली नाही, की त्याला तिची दया आली, हे त्यांना कळायला मार्ग नव्हता. दया आली, असंच ते धरून चालले.

मग, शिकारीचे सारे नियम ठाऊक असूनही, त्यांनी हात वर केला.

काहीच झालं नाही. त्यांना आपली लाज वाटली. हात खाली घेणार, तोच पलीकडे, त्या नारिंगी रंगाच्या वर, काहीतरी उंचावलं आणि डावीउजवीकडे हललं.

ईश्वररावांनी चष्मा काढला, पुसला आणि पुन्हा घातला. थंडीने डोळ्यांत पाणी येतंच. त्यांनी एक कप भरला आणि चहा घेतला. दुसरा त्यांनी शेजारी फळीवर उपडा ठेवून दिला. दूरवर केव्हातरी एक बार ऐकू आला. तो दलदलीच्या बाजूचा नव्हता, म्हणून त्यांनी तिकडे लक्ष दिलं नाही. उन्हं कलेपर्यंत त्यांनी आणखी दोनदा हात हलवला, आणि दोन्ही वेळा उत्तर आलं. कितीतरी दिवसांत त्यांचा दिवस असा गेला नव्हता.

अंधारू लागलं तेव्हा आर्नीची गाडी आली. ईश्वररावांना घेऊन, दलदलीला वळसा घालून ती सातव्या मचाणाखाली थांबली. ईश्वरराव दार उघडून खाली उतरले. मुलगा शिडीवरून उतरला की त्याच्या पाठीवर हात ठेवायचा, असं त्यांनी ठरवलं होतं.

शिडीवरून उंच, किडकिडीत केविन उतरला.

"हाय, मिस्टर मेश्राम," तो जमिनीकडे पाहत म्हणाला.

ईश्वररावांचा उचललेला हात तसाच राहिला. मग त्यांनी त्याच हाताने केविनची बंदुकीची पिशवी घेतली. "रवी कुठे आहे?"

"तो चौथ्यावर. पहाटे आर्नीला तिकडे ताजे माग दिसले. रवीला बक हवा होता, म्हणून आम्ही बदललं." केविन गाडीत बसला. गाडी वळल्यावर तो म्हणाला, "तुम्ही हात केलात, ते बरं वाटलं. मी दर वर्षी येतो यांच्याबरोबर. मचाणावर दुपारनंतर मला फार... म्हणजे, इतकी शांतता असते. आज समोर कुणीतरी होतं."

ईश्वररावांनी थर्मास उघडला. तळाशी थोडा चहा उरला होता, कोमटच. पिशवीतून त्यांनी तो दुसरा कप काढला, रुमालाने आतून पुसला आणि चहा ओतून केविनच्या हातात दिला.

"साखर जास्त असेल," ते म्हणाले.

चौथ्या मचाणापाशी गाडीच्या दिव्यांच्या प्रकाशात रवी उभा होता. त्याच्या पायाशी आठ टोकांच्या शिंगांचा नर पडला होता. रवी लहान मुलासारखा धावत आला.

"बाबा! बघा! बेस्ट प्लेस पिक केलंत तुम्ही, आय स्वेअर! आर्नी इज द मॅन!" मग एकाएकी आठवल्यासारखं त्याने विचारलं, "तुम्ही बोअर नाही ना झालात? एकटेच दिवसभर?"

ईश्वररावांनी त्या निपचित पडलेल्या जनावराकडे पाहिलं, आणि मग मुलाच्या आनंदाने उजळलेल्या चेहऱ्याकडे. हा चेहरा त्यांनी दोन वर्षांत असा पाहिला नव्हता.

"नाही रे," ते म्हणाले. "समोर माणूस होतं ना."

रवीने मान डोलावली. ऐकलं की नाही कोण जाणे. डेव्ह त्याला शिंगांचा फोटो काढायला हाक मारीत होता.

केबिनमध्ये आज पत्ते लवकर सुरू झाले. नराची गोष्ट रवीने तिसऱ्यांदा सांगितली, आणि ईश्वरराव या वेळी बरोबर जागी हसले. नंतर ते उठून स्टोव्हपाशी गेले. भिंतीवरच्या खुंट्यांना सारी नारिंगी जाकिटं टांगलेली होती, दिवसभराचं दंव वितळून ओली, बाह्यांतून थेंब गाळणारी. आपलं त्यांना घड्यांवरून ओळखता आलं. उरलेली तिन्ही सारखीच ढगळ, एकाच रंगाची. त्यांतलं रवीचं कोणतं, ते त्यांना उमगेना. विचारलं असतं तर कुणीही सांगितलं असतं. त्यांनी विचारलं नाही. एक खुर्ची ओढून ते स्टोव्हसमोर बसले आणि एकेक जाकीट खुंटीवरून काढून, बाह्या उलट्या करून, उबेकडे धरू लागले. सकाळपर्यंत तिन्ही वाळायला हवी होती.