हाताला बसलेलं पिस्तूल

मंगळवारी सकाळी नऊ वाजून दहा मिनिटांनी दुकानातला फोन वाजला आणि वेल्डा प्रूइटने तो उचलला. पलीकडे बंदुकांचा माग काढणाऱ्या सरकारी कचेरीतली एक बाई होती. तिने एका पिस्तुलाचा क्रमांक वाचून दाखवला आणि ते कोणाला विकलं, एवढंच विचारलं.

शेवटचे आकडे ऐकताच वेल्डाला नाव आठवलं होतं. तरी तिने विक्रीची वही उघडली, ओळ शोधली आणि लिहिलेलं तसं वाचून दाखवलं. लिनेट हाऊजर, वय अठ्ठावीस. पिस्तूल ताब्यात दिलं अकरा दिवसांपूर्वी, शुक्रवारी.

"काय झालंय तिला?" वेल्डाने विचारलं.

"ते आम्हाला कळवत नाहीत, मॅडम. पोलिसांना पिस्तूल मिळालं की ते नंबर पाठवतात. आम्ही नाव शोधून देतो. तुमचा दिवस चांगला जावो."

वेल्डाने वही मिटली नाही. दुकानाचा मालक हॉलिस मागच्या खोलीत कॉफी गाळत होता. तिथूनच त्याने कोणाचा फोन म्हणून विचारलं. तिने सांगितल्यावर तो रिकामा कप हातात घेऊन बाहेर आला.

"चोरीला गेलं असेल," तो म्हणाला. "दहातली नऊ चोरीचीच असतात."

"हो," वेल्डा म्हणाली, आणि लिनेटला फोन लावला. तो बंद होता.

अमेरिकेतल्या आर्कान्सा राज्यातल्या नदीकाठच्या त्या गावात वेल्डा सतरा वर्षं हेच बंदुका विकायचं काम करत होती. वय एकसष्ट, हात शाळकरी मुलीच्या मापाचे. हातमोजे ती लहान मुलांच्या दुकानातून घ्यायची. शेजारच्या गावांतल्या बायका हॉलिसला टाळून तिच्याकडे यायच्या त्या याच कारणाने.

लिनेट पहिल्यांदा आली ती ऑगस्टच्या शेवटच्या शुक्रवारी, दुपारच्या सुट्टीत. ती म्हाताऱ्या माणसांच्या घरी जाऊन त्यांची सेवा करायची. अंगावर तोच गणवेश होता, सैल निळा सदरा आणि नाडीची विजार. वेल्डा दुसऱ्या गिऱ्हाइकात गुंतली होती तेवढ्यात हॉलिसने काचेखालून फिकट जांभळ्या रंगाचं इवलंसं पिस्तूल काढून तिच्या पुढ्यात ठेवलं.

"छोटा हात, छोटं पिस्तूल," तो म्हणाला. "खिशात टाकलं तरी कळत नाही. बायका हेच नेतात."

"नेतात आणि परत आणतात," वेल्डा मधे आली. "हॉलिस, मासेमारीचे गळ बघणारं गिऱ्हाईक आहे तिकडे."

"कुठंय?"

"येईल. तू जाऊन उभा राहा."

लिनेट हसली. नंतर पुष्कळ दिवस वेल्डाला ते हसू आठवत राहिलं, कारण तिने पाहिलेलं ते एकच.

"हे बघ पोरी," वेल्डा म्हणाली, "बाप्यांना वाटतं पिस्तूल म्हणजे बूट, पाऊल लहान तर बूट लहान. तसं नसतं. जितकं लहान तितकी मूठ आखूड. दोनच बोटं बसतात, तिसरं हवेत. आणि हलकं म्हणून धक्का जास्त देतं. पहिली गोळी उडवशील, दुसरीला हात तयार नसेल. वरची ही स्लाइड मागे ओढून बघ याची, गोळी भरायला ओढावी लागते."

लिनेटने ओढली. अर्ध्यावर आली आणि बोटांतून सटकली. दोनदा, तीनदा.

मग वेल्डाने रिकामं रिव्हॉल्व्हर दिलं. त्याला ओढायची स्लाइड नव्हती, पण चाप जड होता. "पाच वेळा दाब. माझ्याकडे नको, भिंतीकडे." तिसऱ्या खेपेला लिनेटचं मनगट थरथरायला लागलं आणि चौथ्या खेपेला तिने दुसऱ्या हाताचं बोटही चापावर आणलं.

तिसरं पिस्तूल हॉलिसच्या जांभळ्यापेक्षा बरंच मोठं होतं, पण मूठ सडपातळ आणि स्लाइड मऊ. वेल्डाने ते तिच्या हातात नीट बसवलं. नळी आणि कोपरापर्यंतचा हात एका रेषेत आला, बोटाचं पहिलं पेर चापावर अलगद टेकलं. लिनेटने स्लाइड पहिल्याच ओढीला मागे नेली आणि चकित होऊन वेल्डाकडे बघितलं.

"कोणासाठी हवंय?" वेल्डाने विचारलं. हा प्रश्न ती सगळ्यांना विचारायची.

"माझ्या मुलीचा बाप." लिनेट पिस्तुलाकडेच बघत होती. "कोर्टाचा कागद आहे, मिस वेल्डा. चार पानी. माझ्या आसपास यायचं नाही असा."

"त्याला वाचता येतं ना?"

"येतं. म्हणून तर चिडलाय."

त्याच दुपारी, गिऱ्हाइकावर गुन्हा नाही ना याच्या सरकारी तपासणीसाठी फोन लावला तेव्हा उत्तर आलं, 'थांबा.' त्याच नावाच्या कोणा बाईवर दुसऱ्या राज्यात गुन्हा नोंदलेला होता. शनिवार, रविवार आणि सोमवारची कामगार दिनाची सुट्टी मोजायची नव्हती. त्यानंतर कामाचे तीन दिवस.

"म्हणजे पुढचा शुक्रवार," लिनेट म्हणाली. "त्याला कळवू का, तोवर थांब म्हणून?"

वेल्डाने त्या आठवड्यात मंगळवार, बुधवार, गुरुवार संध्याकाळी पाच ते सहा तिला दुकानामागच्या नेमबाजीच्या रेंजवर उभं केलं, दुकानाचंच पिस्तूल देऊन. लिनेट लवकर शिकली. गुरुवारी सात पावलांवरच्या कागदात तिच्या सगळ्या गोळ्या जेवणाच्या ताटलीएवढ्या जागेत पडल्या. शुक्रवारी तपासणीचं उत्तर आलं, हरकत नाही.

पिस्तूल खोक्यात घालण्याआधी वेल्डाने ते अंगावर कुठे बाळगायचं हे दाखवायला घेतलं. विजारीला नाडी, त्यामुळे कमरपट्टा नाही. म्हणून तिने पोटाला बांधायची रुंद कापडी पट्टी काढली. लिनेटने ती बांधली, पिस्तूल आत सरकवलं, वर सदरा सोडला. समोरून काही दिसत नव्हतं. मग ती वाकली, कोणाला तरी खाटेवरून उठवावं तशी, आणि तशीच थांबली.

"मिस्टर क्रेन माझ्या कमरेला धरतात," ती म्हणाली. "उठवताना. ब्याण्णव वर्षांचे आहेत, दुसरं काय धरणार? त्यांच्या हाताला लागेल हे. आणि त्यांची मुलगी कंपनीला कळवेल. पेशंटच्या घरात हत्यार न्यायला बंदी आहे आम्हाला."

"मग?"

"गाडीतच राहील. कप्प्यात. घरी जाताना बांधीन."

"तो कुठे येतो, घरी?"

लिनेटने सदरा वर करून पट्टी सोडायला घेतली. "मिस्टर क्रेनच्या घरासमोर ट्रक लावून बसतो," ती म्हणाली. "मी सुटायची वेळ त्याला माहीत आहे."

"दारापासून गाडी किती लांब?"

"चाळीस पावलं असतील. मेपलच्या झाडाखाली लावते, सावलीला."

त्या क्षणी वेल्डाने बोलायला हवं होतं. गाडीत ठेवलेलं पिस्तूल आपलं नसतं, ज्याचा हात आधी पोचेल त्याचं असतं, हे ती प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगायची. लिनेटलाही तिने ते सांगितलं. पण ते जांभळं पिस्तूल, जे हाताला अजिबात बसत नव्हतं आणि सदऱ्याखाली मिस्टर क्रेननाही लागलं नसतं, ते पुन्हा काढून दाखवलं नाही. हॉलिसपुढे तिला ते काढायचं नव्हतं. सतरा वर्षं ती त्या पिस्तुलावरून त्याची टर उडवत आली होती.

"गाडी दाराजवळ लावत जा," ती म्हणाली, आणि खोकं बांधून दिलं.

फोन आला त्या मंगळवारी दुपारी चार वाजता शेरीफच्या कचेरीतला डेप्युटी गार्लंड स्टाइट्स दुकानात आला. एरवी तो गोळ्या घ्यायला यायचा आणि हॉलिसशी मागूर माशांवरून वाद घालायचा. आज त्याने टोपी काढून हातात धरली होती.

"तिने पिस्तूल कुठे ठेवणार ते सांगितलं होतं का, मिस वेल्डा?"

"गाडीतल्या कप्प्यात. आता तू सांग."

"मला सगळं सांगता येणार नाही."

"येईल तेवढं सांग."

गार्लंडने हॉलिसकडे बघितलं. हॉलिस उठून मागे गेला.

लिनेटची गाडी सोमवारी संध्याकाळी गावापासून अठरा मैलांवर होड्या उतरवायच्या धक्क्यावर सापडली होती. गाडी तिच्या आईच्या नावावर, म्हणून पिस्तुलाचा नंबर पुढे पाठवावा लागला. पिस्तूल कप्प्यात होतं, कप्पा कुलूपबंद. आठच्या आठ गोळ्या जागेवर. पर्स मागच्या सीटवर होती. फोन आणि किल्ली नव्हती. मिस्टर क्रेनच्या मुलीने तिला सोमवारी दुपारी तीन वाजता दाराबाहेर पडताना पाहिलं होतं.

"आणि तो?"

"लाकडाच्या गिरणीत कामावर होता म्हणतो. सकाळी सहाला हजेरी लावली आहे. दुपारी बाहेर गेला होता, पण किती वेळ यावर तिथल्या दोघांचं एकमत नाही." गार्लंडने टोपीची कड बोटांनी फिरवली. "धक्क्यावर दुसऱ्या गाडीच्या खुणा होत्या, पण तिथे रोज वीस गाड्या येतात."

"मी तिला मोठं दिलं, गार्लंड. अंगावर राहत नव्हतं ते."

"तुम्ही चांगलं दिलंत. कोणीही तेच दिलं असतं."

"तेच म्हणतेय मी."

त्याने ते वहीत लिहिलं नाही. जाताना मात्र विचारलं, पोटाला बांधायची पट्टी कोणत्या रंगाची होती. वेल्डाने सांगितलं, काळी. पट्टी गाडीत मिळाली नाही, म्हणजे तिच्या अंगावर असेल, तो म्हणाला.

बुधवारी वेल्डा दुकानात गेली नाही. ती मिस्टर क्रेनच्या घरासमोर गाडी घेऊन गेली, दारापासून मेपलच्या झाडापर्यंत चालली आणि परत आली. पावलं छत्तीस भरली. वर खिडकीत एक म्हातारा चाकांच्या खुर्चीत बसून तिच्याकडे बघत होता. तिने हात वर केला. त्यानेही केला. मग त्याने खूण करून काहीतरी विचारलं, ते तिला खिडकीच्या काचेतून कळलं नाही.

गुरुवारी संध्याकाळी सहापर्यंत शोधपथकाच्या दोन होड्या रेल्वे पुलापर्यंत पोचल्या होत्या. काही सापडलं नव्हतं. गिरणीतल्या माणसाला चौकशीनंतर घरी सोडलं होतं. लिनेटची सहा वर्षांची मुलगी आजीकडे होती आणि तिला आई कामावर आहे असं सांगितलं होतं. पुलाच्या पुढे नदीच्या खालच्या भागात शुक्रवारी सकाळी सातपासून शोध सुरू होईल, असं शेरीफच्या कचेरीने कळवलं.