बाबांचा अंगठा

इंजिन चकाचक झालं आणि बाबा गेले. छे, कोणी कुठे गेलेलं नाही. हे मी बोललेच नाही असं समजा.

बाबा वारले त्याला सात महिने झाले. त्यांची गाडी तेव्हापासून दारात उभी, आता विकायला काढलेली. गिऱ्हाईक म्हणजे एक दातांचे डॉक्टर. त्यांची एकच अट, इंजिन स्वच्छ हवं. ते पाचला येणार, म्हणून मी भर दुपारी बॉनेट उघडलं.

"इंजिन गार आहे ना?" आईने पायरीवरून विचारलं.

"आई, सात महिने झाले."

"तरी हात लावून बघ."

गार होतं. आधी बॅटरीची निगेटिव्ह वायर काढली. ऑल्टरनेटर, फ्यूज बॉक्स, हवा आत घेणारं तोंड, सगळं प्लास्टिकच्या पिशव्यांत बांधलं. ग्रीस काढणारं डिग्रीझर फवारून थोडं मुरू दिलं, मऊ ब्रशने घासलं, वरून पाणी अगदी हलकं सोडलं. जोराचा फवारा वायरिंगमध्ये शिरतो, हे बाबांनी इतकं घोकून घेतलं होतं की मला माझी जन्मतारीख त्यानंतर पाठ झाली.

"झालं," मी म्हणाले.

बॅटरीखालच्या पत्र्यावर एक काळा अंगठा उमटला. ओला, ताजा. बाबांच्या अंगठ्यावर आडवा व्रण होता, ठशावरही होता. शेजारी बोटभर चिखल राहिला होता.

आई वाकून बघत राहिली. "हेच ते. माझ्या ओट्यावरूनही असाच अंगठा फिरवायचे. राहिलंय गं तिथं, पूस."

पुसलं. अंगठा रेडिएटरच्या कडेला. पुसलं. मग नळीच्या मागे. भुताला घाबरायलाही फुरसत लागते. इथे माझ्या चुकाच संपेनात.

"अहो, दमली पोरगी!" आई बॉनेटखाली डोकं घालून म्हणाली. "आणि सात महिने तुम्ही होतात कुठे?"

इंजिनाने उत्तर दिलं नाही. निगेटिव्ह वायर काढलेली होती.

साडेचारपर्यंत सगळं वाळवलं, पिशव्या सोडल्या, वायर जोडली. एकच डाग उरला, ऑइलच्या झाकणापाशी, चण्याएवढा. त्याला खेटून अंगठा. मी फडकं उचललं तसा आईने माझा हात धरला.

"तेवढं राहू दे. काढायला चूकच उरली नाही, तर ते थांबतील कशाला?"

डॉक्टर आले. दाढ बघावी तसे वाकून, टॉर्च मारून बघू लागले. "झकास! फक्त इथं जरासं..." आम्ही तोंड उघडायच्या आत त्यांनी रुमालाने डाग टिपला. अंगठ्यासकट.

आम्ही दोघी झाकणाकडे बघत राहिलो. काहीच उमटलं नाही. आईने कुंडीतली चिमूटभर माती झाकणावर टाकली. डॉक्टरांनी ती फुंकून टाकली आणि किल्ली मागितली.

मा. वाहन नोंदणी अधिकारी यांस,
महोदय, सदर वाहन नव्या मालकाच्या नावे करताना जुने मालक वाहनासोबत देण्यात आलेले नाहीत, याची नोंद घ्यावी. व ते मयत असले तरी, चुका काढण्यासाठी त्यांना महिन्यातून एक दिवस मूळ पत्त्यावर हजर राहण्याची लेखी परवानगी द्यावी, ही नम्र विनंती.