मी वाट बघतेय

निशिगंधाने फोन पिठाच्या डब्याला टेकवून उभा केला. तो घसरला. मग तिने मागे मिक्सरचं भांडं लावलं, तेव्हा कुठे तो जागेवर बसला.

"हां, आता बोल. फोनकडे नको बघू, माझ्याकडे बघ."

रूपालीचे हात कणकेतच होते. "अगं, गाऊनवर निदान ओढणी तरी घेऊ दे."

"नको. जशी आहेस तशीच हवीयेस."

हे ऐकून रूपालीला बरं वाटलं, आणि थोडी शंकाही आली. सोळा वर्षांच्या पोरीला आई जशीच्या तशी हवी असते, असा तिचा अनुभव नव्हता.

गुरुवार होता, कंपनीला सुट्टी. एरवी या वेळी रूपाली चाकणला गाड्यांच्या वायरी तपासत उभी असायची. सुट्टीच्या दिवशी चार पोळ्या जास्तीच्या लाटून ठेवायच्या आणि पाय वर करून पडायचं, एवढाच तिचा बेत. पण निशिगंधाने काल आपल्या पेजवर जाहीरच करून टाकलं होतं : उद्या माझ्या आईला भेटा.

प्रकरण होतं 'तुकडी ई' या मालिकेचं. दर शुक्रवारी फोनवर नवा भाग यायचा आणि अर्धं ज्युनिअर कॉलेज तो बघायचं. वाकडच्या उंच टॉवरमध्ये राहणारी इरा, तिच्यावर जीव टाकणारा क्षितिज, आणि दोघांचे निरोप इकडून तिकडे नेणारी कावेरी. कावेरी परभणीची, म्हणजे रूपालीच्या माहेरची, वसतिगृहात राहणारी. तिने तोंड उघडलं की मागे टुणटुण वाजायचं. म्हणजे आता हसा.

निशिगंधाला त्या टुणटुणचाच राग होता. "कावेरीवर कधीच कुणाचं प्रेम का बसत नाही?" असा तिचा व्हिडिओ होता. "आमच्या भाषेत काय नुसते विनोदच होतात का?" तो बराच पसरला. मग कुणीतरी खाली लिहिलं, 'तू मोशीत वाढलेली, तुझी भाषा पुण्याची. आमच्या कसलं म्हणतेस?' ते तिच्या जिव्हारी लागलं होतं. दोन दिवस ती धड जेवली नव्हती.

रूपालीला मात्र कावेरी आवडायची. ती पडद्यावर आली की रूपाली खुदुखुदु हसायची.

"आई, ती तुझ्यासारखी बोलते म्हणून लोक हसतात, आणि वर तूही हसतेस?"

"अगं, थेट आमच्या कोंडामावशीसारखी मान उडवते ती. काय करू, येतं हसू."

गेल्या भागात कावेरी क्षितिजचं विसरलेलं हेल्मेट घेऊन कॅन्टीनबाहेर उभी होती. तो म्हणाला, इथे काय करतेस? ती म्हणाली, "मी तुझी वाट बघायली." टुणटुण. क्षितिज हसला, इरा हसली, संपलं.

"तेच वाक्य तू म्हणायचंस," निशिगंधा म्हणाली. "साधं. बाबांची शिफ्ट लांबली की तू म्हणशील तसं. हे वाक्य प्रेमाचंसुद्धा असू शकतं, एवढंच दाखवायचंय मला."

रूपालीने घसा साफ केला. "मी तुमची वाट बघतेय."

"तसं नाही गं. तुझ्या भाषेत."

"वाट बघतेय मी तुमची."

"आई! तुझं, तुझं बोल ना!"

"मग हे काय शेजारणीचं आहे?"

निशिगंधा हसली नाही. रूपालीने पुन्हा तोंड उघडलं. आत कुठेतरी ते वाक्य होतं, पण येता येता दाराशीच कपडे बदलून येत होतं.

निशिगंधा आठवीत असताना शाळेत पालकसभा होती. बाईंनी विचारलं, घरी अभ्यास करते का? रूपाली मोकळेपणाने म्हणाली होती, "लई अभ्यास करायली मॅडम, मी ध्यान द्यायले की." पुढच्या बाकावरच्या दोन आयांनी एकमेकींकडे पाहिलं होतं. बास, एवढंच. घरी आल्यावर चप्पल काढता काढता पोरगी म्हणाली, "पुढच्या वेळी तू नुसतं हो, नाही म्हण."

दुसऱ्या दिवसापासून रूपालीने कंपनीच्या बसमध्ये, तोंडावरच्या स्कार्फआड जीभ वळवायला घेतली. करतेय. जातेय. बघतेय. चाकणच्या ट्रॅफिकने शिकायला वेळ भरपूर दिला. कुणी शिकवलं नाही, कुणाला कळलंही नाही. पुढच्या सभेत तिने तीन अख्खी वाक्यं बोलून दाखवली आणि कुणीही मागे वळून पाहिलं नाही. आता तर तिला राग येतो तोही तशाच भाषेत येतो. माहेरी गेलं की बहिणी म्हणतात, "आल्या बगा पुण्याच्या बाई."

"तू कधीपासून अशी बोलायला लागलीस?" निशिगंधाने विचारलं. खरंच विचारलं. रूपालीने तिच्या चेहऱ्याकडे नीट पाहिलं. नव्हतं. तिथे काहीच नव्हतं. पोरगी ती पालकसभा विसरून गेली होती.

"असंच. कंपनीत सगळ्याजणी बोलतात ना."

कंपनीत सगळ्याजणी सहा तऱ्हेचं मराठी बोलत आणि भांडण हिंदीत करत. पण ते कुठे सांगत बसायचं.

"बरं, मी म्हणते. तू माझ्यामागून म्हण." निशिगंधाने केस मागे सारले, आवाज हळवा केला. "मी तुमची वाट बघायली."

रूपालीचा कणकेतला हात थांबला.

बघायली म्हणजे ती. दुसरीच कुणीतरी. स्वतःबद्दल बोलताना 'बघायले'. मालिकेत कावेरी हेच चुकली तेव्हा रूपालीने मनात म्हटलं होतं, लिहिणाऱ्यांना काय कळणार बिचाऱ्यांना. आता ती चूक आपल्याच लेकीच्या तोंडून बाहेर आली होती, आणि तीही किती प्रेमाने! 'बघायले म्हण गं,' एवढंच सांगायचं होतं. ते सांगितलं असतं तर त्याच्यामागून बाकीचंही सगळं आलं असतं.

फोनवरचा लाल ठिपका तिच्याकडे टक लावून पाहत होता.

"बघतेय," रूपाली म्हणाली.

निशिगंधाने सुस्कारा सोडला. "राहू दे. दोन्ही लावते, तुझंही आणि माझंही. लोकांना कळेल बरोबर." मग ती फोनसमोर आली, आईच्या खांद्यावर हात टाकला आणि म्हणाली, "ही माझी आई, रूपाली. परभणीची."

असं तिने कुणासमोर पहिल्यांदाच म्हटलं. त्या संध्याकाळच्या पोळ्या रूपालीने गरजेपेक्षा जास्तच गोल लाटल्या.

दुसऱ्या दिवशी ती कामावरून आली तेव्हा निशिगंधा भिंतीकडे तोंड करून कॉटवर पडली होती. फोन उशीवर पालथा.

"काय झालं गं?"

"वाच."

रूपालीने खांद्यावरची पिशवी न काढताच फोन उचलला. 'ताई, बघायली नाही, बघायले. मालिकेवर टीका करता आणि तीच चूक करता?' 'हिला आमच्यातलं काहीच येत नाही.' 'आई भाड्याने आणली का?' त्याखाली हसून लोळणारे पिवळे चेहरे. मालिकेच्या चाहत्यांना तर आयतंच सापडलं होतं. कावेरी आहे तशीच बरी, असं एकाने लिहिलं होतं आणि ते पुष्कळांना पटलं होतं.

आणि मध्येच एक : 'ह्या काकू परभणीच्या? काहीतरीच. पक्क्या कोथरूडच्या वाटतात. किती स्वच्छ बोलतात!'

रूपालीने ते वाचलं. अंगठा पुढे सरकेना. तिने ते पुन्हा वाचलं.

मग तिने फोन हळूच कॉटवर ठेवला आणि डबा घासायला ओट्याकडे गेली.

"आई." मागून रडून बसलेला आवाज आला. "मी चुकीचं म्हणत होते, ते तुला कळलं होतं ना?"

रूपालीने नळ सोडला.

"मग सांगितलं का नाहीस?"

उत्तर द्यायचं तर तिच्याकडे तोंड वळवायला हवं होतं. आणि ओठांवर आलेलं ते मेलं हसू काही केल्या उतरत नव्हतं. रूपालीने नळ आणखी मोठा केला.