हळदीला भरवणारा चिमटा

"माणसाले दोन्ही टाइम एकच भाजी वाढा, तो गुमान खाई लेस. नि ह्या पालले रोज नवं पाहिजे! तेबी जित्तं! महाराणीच शे जशी."

तानुबाई हे माझ्या कानाशी पुटपुटल्या, कारण तेव्हा मी त्यांच्याच हातात होतो. माझ्या टोकांत एक अळी होती. धरल्याबरोबर ती काडीसारखी ताठ झाली होती. समोर काचेच्या पेटीत पिवळ्या अंगाची, काळ्या ठिपक्यांची पाळीव पाल, हळदी, बसली होती. तिने अळीकडे पाहिले, तानुबाईंकडे पाहिले आणि तोंड फिरवून घेतले.

मित्रांनो, मी एक जुना चिमटा आहे. अळ्या धरण्यासाठी मी जन्मलो नाही. माझा जन्म धुळ्यातला. एका कारागिराने पोलादाच्या पट्टीतून मला घडवले आणि माझी टोके कानसून सुईसारखी केली. लोटन नानांनी मला घेतले तेव्हा त्यांना नुकती मिसरूड फुटली होती. त्यानंतर जळगावच्या सराफ बाजारात, एका पेढीच्या मागच्या खोलीत, आम्ही दोघांनी अडतीस वर्षे काढली.

मोहरीएवढा सोन्याचा मणी उचलायचा आणि नथीच्या वळणावर नेमका ठेवायचा, हे आमचे काम. मणी ठेवण्याआधी नाना त्याच्यावर हलकीशी फुंकर मारत. धुळीचा कण राहिला तर सांधा नीट बसत नाही. पुढे ती सवयच झाली. माझ्या टोकांत काहीही आले की नानांचे ओठ आपोआप गोल होत. शेठ गिऱ्हाइकांना आत आणून दाखवीत, "हा आमच्या नानांचा हात!" कौतुक हाताचे व्हायचे. माझे नाव कुणी घेत नसे, पण मला त्यात माझा वाटा वाटायचा.

मग एके दिवशी मी थरथरलो.

आधी मला वाटले, दोष माझाच आहे. मणी निसटला. सगळे कारागीर गुडघ्यांवर बसून तो शोधू लागले. तो सापडला. दुसऱ्या आठवड्यात आणखी एक निसटला. शेठ म्हणाले, "नाना, डोळे दाखवून घ्या." नानांनी चष्मा बदलला. मणी पडतच राहिले. नानांनी पुन्हा चष्मा बदलला. मग शेठ म्हणाले, "आता सगळा माल मशीनवरचाच येतो नाना, तुम्ही आराम करा." त्यांनी पेढ्यांचा पुडा आणि शाल दिली. मी खिशातून घरी आलो.

जळगावातल्याच मेहरूण भागातल्या नानांच्या घरात सगळ्यांना सगळे दिसत होते. नानांच्या बायकोने, तानुबाईंनी, त्यांची कपबशी गुपचूप माळ्यावर टाकली आणि उंच काठाचा स्टीलचा पेला काढला. तोही अर्धाच भरायचा. सूनबाई दिपमाला शाळेत शिकवते. दिवाळीला तिने नानांना बिनबटणांचे सदरे आणले आणि म्हणाली, "आजकाल हीच फॅशन आहे." शेजाऱ्यांनी विचारले, तर घरातून एकच उत्तर जाई, "डोळे थकले त्यांचे." नानाही तेच सांगत. मला टीव्हीखालच्या खणात टाकले होते, रबरबँडच्या गुंत्यात. तिथून मी हे सगळे ऐकायचो.

नानांच्या मुलाने, दिपमालाच्या नवऱ्याने, प्रेमराजने मित्राकडून हळदीला आणले. हौस त्याची. सहा महिन्यांत सुरतला नोकरी लागली आणि तो गेला. मागे पेटी, खालून ऊब देणारी चटई आणि भिंतीला चिकटवलेला एक कागद राहिला. कागदावर लिहिले होते: जिवंत रातकिडे किंवा अळ्या. प्रत्येक किडा कॅल्शियमच्या भुकटीत घोळवून. फळ नाही, भाजी नाही, शेतातले किडे नाहीत.

तानुबाईंनी कागद वाचला आणि केळे कुस्करले. "यावलच्या केळाले नही म्हननारं जनावर आजून जन्माले यायनं नही," असे त्या म्हणाल्या. ते जनावर समोरच बसले होते. दिपमालाच्या शाळेतल्या छगन शिपायाने केळीच्या बागेतून डबाभर नाकतोडे आणले. बागेत औषध फवारलेले असते म्हणून दिपमालाने ते आभार मानून फेकले. पुण्याहून मागवलेले रातकिडे उन्हाने वाटेतच मेले. राहिल्या अळ्या. त्या दिपमालाने कोंड्याच्या डब्यात वाढवल्या. ती स्वच्छ, स्थिर हाताने अळी पुढे धरायची, हळदी डोळे मिटून घ्यायची. बारा दिवस ती काही खाईना. गाजरासारखी जाड शेपटी शेंगेसारखी झाली.

तेव्हा नानांनी खण उघडला.

मला आधी तानुबाईंनी हाती घेतले; हळदीने तोंड फिरवल्यावर नानांनी मला त्यांच्याकडून घेतले. ज्या दिवसाने मी गोष्ट सुरू केली, तो हाच. नानांनी अळी पुढे धरली. मी थरथरलो, अळी थरथरली. हळदीने मान उचलली. तिच्या शेपटीचे टोक हलले. पुढच्या क्षणी अळी तिच्या तोंडात होती.

"नाना, जादू आहे तुमच्या हातात!" दिपमाला टाळ्या वाजवत म्हणाली.

तानुबाई म्हणाल्या, "कारागिराना हात शे तो."

मित्रांनो, त्या घरात पुष्कळ दिवसांनी 'हात' हा शब्द उच्चारला गेला होता, आणि तोही खोटाच. नाना हसले. एक दिवसाआड संध्याकाळी मी कामावर जाऊ लागलो. नाना त्या दिवशी दाढी करून बसत, पेढीवर जाताना करत तशी.

पण माणसाच्या सवयी चिमट्याला ठाऊक असतात. दिपमाला अळ्या पांढऱ्या भुकटीत घोळवून वाटी ठेवायची आणि वह्या तपासायला बसायची. नाना अळी उचलायचे. त्यांचे ओठ गोल व्हायचे. फू! भुकटी उडून जायची आणि चकचकीत, स्वच्छ अळी हळदीच्या पुढ्यात जायची. दर वेळी, आठ महिने. मी पाहत होतो, पण मला जीभ नाही.

हळदीचे पोट भरत होते आणि हाडे पोकळ होत होती. मग ती कोपरांवर सरपटू लागली. पुढचा एक पाय धनुकलीसारखा वाकला. जळगावातल्या दवाखान्यात सांगितले, "आम्ही गाय-म्हैस बघतो, फार तर कुत्रं." शेवटी धुळ्यात, देवपूरला, अशी जनावरे पाहणाऱ्या एक डॉक्टरीणबाई सापडल्या. दिपमालाने रजा टाकली. भोकांच्या डब्यात हळदी, डब्याला धरून तानुबाई, खिडकीशी नाना आणि त्यांच्या खिशात मी. असे आम्ही सगळे एस.टी.ने निघालो.

मित्रांनो, मुक्या जनावराला नीट खाऊ घाला, कागदावर लिहिलेले पाळा, हे मी तुम्हाला सांगायला हवे. सांगतो. पण त्या दिवशी मी खिशात पडून दुसराच विचार करत होतो. एका पालीसाठी हे घर अडीच तास उन्हात प्रवास करते. ज्या हाताने ती जगली, त्या हातासाठी गल्लीच्या तोंडावरचा दवाखाना कुणाला सापडला नव्हता. प्रेमाची माणसे होती हो. पेला अर्धा भरण्याइतकी प्रेमाची. मला जीभ नाही; तुम्हाला आहे. ती वापरा, एवढीच माझी विनंती.

पांझरेचा पूल ओलांडून आम्ही दवाखान्यात पोचलो. डॉक्टरीणबाईंनी हळदीचा जबडा अलगद दाबून पाहिला. "कॅल्शियम देता ना?"

"दर वेळी, मॅडम. मी स्वतः घोळवते," दिपमाला म्हणाली.

"कसं भरवता, ते दाखवा."

नानांनी मला बाहेर काढले. बाईंनी दिलेली, भुकटीने पांढरी झालेली अळी उचलली. फू! टेबलावर भुकटी उडाली. दिपमालाचा हात तोंडावर गेला.

"बाबा, औषधच उडवलंत की!" बाई हसल्या. "फुंकर बंद. पातळ औषध देते, पाय सरळ होणार नाही, पण ती जगेल. मात्र आता रोज भरवायचं. एकट्यावर ठेवू नका, घरातल्या प्रत्येकाला यायला हवं." त्या थांबल्या. माझ्या टोकांत अळी थरथरत होती आणि हळदी मान उचलून तिच्याकडे पाहत होती. "हे मात्र छान जमलंय तुम्हाला. अळी कशी हलवायची, ते यांना शिकवा बरं."

तानुबाईंनी पदराने डब्याचे झाकण पुसायला घेतले. "नानांचे डोळे जरा..." असे म्हणून दिपमाला अडखळली.

नानांनी मला टेबलावर ठेवले. उजवा हात उताणा करून डॉक्टरीणबाईंच्या पुढे धरला.

"मी हालवत नही, ताई. हाऊ हात आपोआप हालस. तीन वरीस व्हयनात."