बाविसाव्या दिवसाचं इतिवृत्त

"अहो, बसा की एका जागी! सकाळपासून खुर्चीला काटे फुटलेत का?" भाजी निवडता निवडता बाई नवऱ्याला म्हणाल्या.

कार्यवाह बसले. पेनाचं टोपण काढलं, लावलं, पुन्हा उठले. शिक्षक संघाला पन्नास वर्षं होत होती. निम्मी वर्षं तेच कार्यवाह, त्यामुळे संघाचा इतिहास लिहिणं त्यांच्याच गळ्यात पडलं होतं. दुपारी छापखान्याचा माणूस यायचा होता आणि इतिहास संपाच्या बाविसाव्या दिवसापाशी अडून बसला होता.

समोर जुनी वही उघडी होती. 'संप मागे घेण्याचा ठराव एकमताने मंजूर.' अक्षर मोत्यासारखं. का नसणार? आदल्या दिवशी घरी निवांत बसून लिहिलेलं. कार्यवाहांची पद्धतच होती ती: इतिवृत्त आधी लिहून न्यायचं, सभा मागाहून व्हायची. सगळे कौतुक करायचे.

त्या दिवशी मात्र सभा वहीप्रमाणे झाली नाही. तडजोडीत कायम शिक्षकांच्या मागण्या मान्य झाल्या होत्या आणि सात तात्पुरत्या शिक्षकांना घरी बसवायचं ठरलं होतं. "विरोधात कोण?" अध्यक्षांनी सवयीनं विचारलं. मागच्या बाकावरून एकच हात वर गेला. बाईंचा; त्याही संघातल्याच शिक्षिका. कार्यवाहांनी तो पाहिला आणि वही अध्यक्षांपुढे सहीला सरकवली.

घरी आल्यावर बाई त्याबद्दल एक अक्षर बोलल्या नाहीत. आजवर नाहीत. कार्यवाहांना तेच खात होतं.

अखेर त्यांनी झरझर लिहिलं आणि कागद बाईंपुढे धरला. 'ठराव बहुमताने मंजूर. विरोधात मत एक.' पुढे बाईंचं पूर्ण नाव होतं.

बाईंनी चष्मा लावला. वही तपासावी तसं सावकाश वाचलं.

"अर्धवट आहे."

"आता काय राहिलं?"

"दोन हात वर जाणार होते. आदल्या दिवशी याच टेबलाशी शब्द दिला होतात मला. 'उद्या मीही हात वर करीन, हे एकमत खोडून टाकीन.' मी हात वर केला तेव्हा अध्यक्षांकडे नव्हते बघत. तुमच्याकडे बघत होते."

"अगं, माझ्या हातात वही होती."

"मग तेही लिहा की."

कार्यवाहांना लाज वाटली, इतक्या वर्षांची एकदम. दारावरची बेल वाजली. बाईंनी जाऊन दार उघडलं. "दहा मिनिटं बसा हं," त्या छापखान्याच्या माणसाला म्हणाल्या, "एक ओळ राहिलीय."

कार्यवाह खुर्चीत नीट बसले आणि त्याच मोत्यासारख्या अक्षरात त्यांनी लिहिलं, 'कार्यवाहांचा हात खाली होता.'