कापसाचे बोळे

पहारीने छत ठोकायचं. दगड खणखणीत वाजला तर भरीव, भदभदला तर सुटलेला. खाणीत हे काम बावीस वर्षं माझं. मी ‘चला’ म्हटल्याशिवाय टोळी पाऊल पुढे टाकत नसे.

शेवटची दोन वर्षं मला तो आवाज ऐकूच येत नव्हता. ड्रिलने कानांची पार वाट लावली होती. सांगितलं असतं तर काम गेलं असतं, आणि मिजासही. म्हणून ठोकताना मी मेव्हण्याच्या तोंडाकडे बघायचो. बायकोचा हा धाकटा भाऊ माझ्याच टोळीत. दगड भदभदला की त्याचं तोंड कडू औषध प्यायल्यासारखं व्हायचं. स्वतःच्या तोंडाची ही करामत त्या येड्याला ठाऊकही नव्हती.

त्या सकाळी मी ठोकलं. त्याचं तोंड हसरंच. मी ‘चला’ म्हटलं.

पुढे तोच होता. छत त्याच्यावरच आलं. दुपारी दगड हलवून त्याला काढलं, तेव्हा दोन्ही कानांत कापसाचे बोळे होते. कुणी बघायच्या आत मी ते काढून खिशात टाकले.

आता मी घरातही जेवायला बसण्याआधी झाडूच्या दांड्याने छत ठोकतो. ऐकू येत नाही, तरी भदभदतं. ताटावर बसवत नाही.

दगड खणखणीत वाजला होता, असं चौकशीत मी धडधडीत खोटं लिहून दिलं. बायकोपुढे मात्र ते पचेना. तिने मला घराबाहेर काढलं तरी चालेल, पण आज सगळं सांगायचं, असं ठरवून मी म्हटलं, “तुला एक सांगायचंय.”

ती समोर येऊन बसली. ती नेहमी समोर येऊनच बोलते, ओठ नीट हलवत.

“कानांचं ना? दोन वर्षं झाली मला कळून. पाठमोरे असलात की हाका मारून घसा बसायचा माझा.”

माझा हात खिशात गेला.

“म्हणून तर त्या सकाळी त्याला कापूस दिला. म्हटलं, तुझं तरी दाजींसारखं नको व्हायला. खाणीत शिरलास की घाल, बाहेर येईपर्यंत काढू नकोस, माझी शपथ आहे. नुसता हसत होता.” तिने डोळे पुसले. “घातला होता का हो त्याने?”

खिशात माझी बोटं बोळ्यांवर होती.

“छे,” मी म्हटलं. “तुझं कधी ऐकलंय त्याने?”

ती रडता रडता हसली. मी झाडू घ्यायला उठलो.